पडद्याअलीकडली कैफियत

जपानमध्ये 1975 साली चित्रकथांच्या चाहत्यांचे एक मोठे संमेलन भरत असे, आणि त्या संमेलनाच्या कारभारावर टीका केली एवढ्याच कारणावरून चालकांनी एका चाहत्यास प्रवेश नामंजूर केला. प्रकरण तसे किरकोळ होते. कोणत्याही संस्थेचे दप्तर चाळले तर असे नामंजूर अर्ज ढिगाने सापडतील. परंतु त्या नाकारलेल्या चाहत्याचा कैवार घेऊन जी तरुण मंडळी पुढे सरसावली त्यांत योशिहिरो योनेझावा नावाचा बावीस वर्षांचा युवक होता, आणि ‘मेइक्यू’, म्हणजे भूलभुलैया, असे नाव धारण करणारे त्याचे समीक्षकांचे मंडळ निषेधाचा ठराव करून स्वस्थ बसणाऱ्यांपैकी नव्हते. त्याच वर्षी 21 डिसेंबर रोजी या मंडळींनी टोकियोच्या तोरानोमोन भागातील एका सभागृहात स्वतःचा निराळा बाजार मांडला. 32 मंडळांनी आपापली घरगुती प्रकाशने तेथे विक्रीस ठेवली आणि दिवसभरात सुमारे 700 माणसे आली, ज्यांत बहुसंख्य शाळेत शिकणाऱ्या मुली होत्या. ‘कॉमिक मार्केट’ हे त्या बाजाराचे नाव. जपानी जिभेने त्याचे लवकरच ‘कोमिके’ करून टाकले.

या बाजाराचा पहिला दंडक असा, की येथे गिऱ्हाईक कोणी नाही. पुस्तक मांडणारा, ते विकत घेणारा आणि दारावर रांग लावणारा स्वयंसेवक हे तिघेही सारख्याच हक्काचे सहभागी, कोणी यजमान नाही आणि कोणी पाहुणा नाही. ज्या संस्थेचा जन्मच एका मतभेद दर्शविणाऱ्याला बाहेर ठेवल्याच्या रागातून झाला, तिने हा दंडक घालून घ्यावा हे स्वाभाविकच होते. 2019 च्या डिसेंबरअखेर टोकियोच्या समुद्रकाठच्या प्रचंड प्रदर्शनगृहात हाच बाजार चार दिवस भरला तेव्हा चार दिवसांची मिळून हजेरी साडेसात लाख झाली होती.

प्रथम हा बाजार मुख्यत्वे छापील चित्रकथांचा होता. चलच्चित्रांचे, ज्यांना आज सारे जग ‘अ‍ॅनिमे’ या जपानी लघुरूपाने ओळखते त्यांचे, चाहते तेथे थोड्याच वर्षांत लोटले, आणि त्यांनी आपल्याबरोबर जे आणले ते मुख्यतः मत होते. लोकप्रिय कलेच्या प्रांतात प्रेक्षकाचे मत इतक्या उघडपणे कलाकृतीच्या नशिबात ढवळाढवळ करताना मी तरी अन्यत्र पाहिलेले नाही. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात पिटातल्या प्रेक्षकाने ‘वन्समोअर’ची आरोळी ठोकून नुकत्याच मेलेल्या पात्रास उठून पुन्हा गावयास लावल्याच्या गोष्टी आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहोत, जपानी चाहत्याने मात्र मेलेली अख्खी मालिकाच उठवली, आणि तीही एकदा नव्हे.

हे कसे घडले ते समजण्यासाठी या कलेच्या घडणीचा थोडा विचार करावा लागतो. 1 जानेवारी 1963 रोजी ओसामू तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’, म्हणजे पोलादी बाहूंच्या आतोमुची, मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि दर आठवड्यास अर्ध्या तासाची चित्रकथा हलवून दाखविण्याचा घाट प्रथमच यशस्वी झाला. चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. त्या प्रत्येक चौकटीसाठी, निदान एकाआड एक चौकटीसाठी, स्वतंत्र चित्र काढावे हा श्रीमंती रिवाज, आणि तेझुकांच्या कारखान्याला तो परवडणारा नव्हता. म्हणून एकच चित्र तीन-तीन चौकटींवर वापरायचे, चेहरा स्थिर ठेवून केवळ ओठ हलवायचे, धावणाऱ्या मुलाचे पाय तेच ठेवून मागची झाडे पळवायची, अशा नाना काटकसरी रूढ झाल्या. गरिबीने शिकविलेल्या या युक्त्यांतूनच पुढे शैली निपजली. स्थिर चित्रावर नजर खिळवून ठेवायची तर त्या चित्रात काही वजन असावे लागते. पात्राच्या मौनात, ढगाळ आकाशात, आगगाडीच्या रिकाम्या डब्यात काही अर्थ भरावा लागतो. आणि जेथे चित्रकाराने जागा मोकळी सोडलेली असते तेथे प्रेक्षकाचे मन आपोआप शिरते. शिवाय दोन भागांच्या मध्ये अख्खा आठवडा पडलेला असतो. एवढा रिकामा वेळ आणि एवढी मोकळी जागा मिळाल्यावर माणसे मते बनवणार नाहीत तर काय करतील?

आता ‘उचू सेंकान यामातो’ या मालिकेचे उदाहरण घ्यावे. 6 ऑक्टोबर 1974 रोजी, रविवारी सायंकाळी साडेसात वाजता, ती सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बुडालेली ‘यामातो’ ही जपानी युद्धनौका 2199 साली अंतराळयान म्हणून पुन्हा बांधली जाते, आणि शत्रूच्या माऱ्याने किरणोत्सर्गाने भाजून निघालेल्या पृथ्वीला वाचविण्यासाठी 1,48,000 प्रकाशवर्षांवरील एका ग्रहाकडे निघते, ही तिची कथा. परत येण्यास मुदत एक वर्षाची, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी पडद्यावर सांगितले जाई की मानवजातीच्या नाशास आता इतके दिवस उरले. दुर्दैव असे, की त्याच वारी त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर आल्प्सच्या डोंगरातील हायडी नामक गोड मुलीची मालिका चालू होती. तिचे दिग्दर्शन इसाओ ताकाहाता यांच्याकडे होते आणि तिच्या दृश्यरचनेवर हायाओ मियाझाकी राबत होते. घरात संच एक. त्यापुढे थोरला मुलगा आणि धाकटी बहीण यांचा तंटा उभा राहिला तर आई कोणाच्या बाजूने निकाल देणार हे सांगावयास नको. पृथ्वीचे दिवस मोजता मोजता यामातोचेच दिवस भरले, मूळ बेत आखूड करून 26 भागांत तिचा गाशा गुंडाळण्यात आला.

येथे गोष्ट संपावयास हवी होती. परंतु ज्या थोड्या मुलांनी बहिणीशी भांडून, किंवा शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून, ती मालिका पाहिली होती त्यांना ती विसरता येईना. चित्रफीत घरी उतरवून ठेवण्याची यंत्रे त्या वेळी सामान्य घरांत नव्हती. तेव्हा त्यांनी कॅसेटवर नुसता आवाज मुद्रित केला, आणि डोळे मिटून ती मालिका पुन्हा पुन्हा ऐकली. मंडळे निघाली. त्या मंडळांनी हाताने लिहून, छापून, टाचून पुस्तिका काढल्या, त्यांत यानाच्या तोफांचे नकाशे होते, संवादांच्या नकला होत्या आणि अमुक पात्र अमुक प्रसंगी असे का वागले याविषयीचे लांबच लांब वाद होते. पुनःप्रक्षेपणाला मूळ प्रक्षेपणापेक्षा अधिक प्रेक्षक लाभू लागले. ‘आउट’ नावाच्या नव्याने निघालेल्या मासिकाने 1977 साली आपल्या दुसऱ्याच अंकात यामातोवर मोठे प्रकरण छापले आणि तो अंक हातोहात खपला. अखेर मालिकेचीच काटछाट करून जोडलेला चित्रपट 6 ऑगस्ट 1977 रोजी लागला, तेव्हा आदल्या रात्रीपासून चित्रपटगृहांबाहेर शाळा-महाविद्यालयांतील मुलांच्या रांगा लागल्या होत्या. चलच्चित्रे म्हणजे पोरखेळ असे समजून ज्यांनी आजवर त्यांकडे पाहिले नव्हते त्या वृत्तपत्रांना प्रथमच कळले, की या पोरखेळाचे प्रेक्षक मिसरूड फुटलेले आहेत.

दोन वर्षांनी हेच पुन्हा घडले. 7 एप्रिल 1979 रोजी सुरू झालेल्या ‘किदो सेन्शी गुंदामु’, अर्थात गंडम या मालिकेचा खर्च एक खेळणी बनविणारी कंपनी भागवीत होती, आणि तिची अपेक्षा सरळ होती: दर आठवड्यास एक नवा यंत्रमानव पडद्यावर यावा व त्याची प्रतिकृती दुकानात खपावी. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी मात्र त्या यंत्रात एक घाबरट, हट्टी, लढावयास नाखूश असा मुलगा बसवला, शत्रूच्या गोटातील माणसांना त्यांचे दुःख व त्यांची बाजू दिली, आणि युद्धातून कोणीच निर्मळ बाहेर पडत नाही हे खेळण्यांच्या जाहिरातींच्या मधल्या अर्ध्या तासात सांगितले. खेळणी घेणाऱ्या वयाच्या मुलांना हे रुचेना, आणि ज्यांना रुचले ते खेळणी घेण्याच्या वयाचे नव्हते. 52 भागांचा बेत 43 वर आटोपला. पुन्हा पत्रे गेली, पुन्हा पुनःप्रक्षेपण झाले, आणि 1980 मध्ये दुसऱ्या एका कंपनीने त्या यंत्रांच्या जोडून उभ्या करावयाच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती बाजारात आणल्या तेव्हा दुकानांत झुंबड उडाली.

चित्रपट निघण्याचे ठरले आणि त्याच्या प्रचारासाठी 22 फेब्रुवारी 1981 रोजी टोकियोच्या शिंजुकू स्थानकाबाहेर चाहत्यांना बोलावण्यात आले. सुमारे 15,000 तरुण जमले. गर्दी रेटू लागली तेव्हा तोमिनो यांनी ध्वनिक्षेपक हाती घेऊन त्यांना आवरले; येथे आज कोणाला इजा झाली तर मोठी माणसे म्हणतील, चलच्चित्रे पाहणारी पोरे असलीच, अशा आशयाचा इशारा त्यांनी दिला आणि जमाव खरोखर शांत झाला. मग ‘अ‍ॅनिमेच्या नव्या शतकाचा जाहीरनामा’ वाचण्यात आला. तो वाचणारे दोघे मालिकेतील पात्रांच्या वेषात होते. त्यांतील तरुण म्हणजे मामोरू नागानो हा पुढे त्याच क्षेत्रात नामांकित आकृतिकार झाला आणि तरुणी मारिया कावामुरा ही आवाजाची अभिनेत्री. पडद्याअलीकडून पलीकडे जाण्याची वाट त्या दिवशी उघड्यावर दिसली. जाहीरनाम्याचे शब्द तरुणपणाच्या उत्साहाने जरा फुगलेले असावेत हे कोणीही मान्य करील, पण असे जाहीरनामे बेताच्या शब्दांत कोणी लिहिल्याचे ऐकिवात नाही.

या दोन पुनर्जन्मांच्या मध्यंतरी, 1978 साली, ‘अ‍ॅनिमेज’ हे मासिक निघाले होते. वाचकांनी मते पाठवावीत आणि त्यांवरून वर्षाची सर्वोत्कृष्ट मालिका, नायक, नायिका ठरवाव्यात असा त्याचा एक वार्षिक उपक्रम असे. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे मियाझाकी यांची एक कल्पना मूळ छापील कथा नाही म्हणून चित्रपटासाठी नामंजूर झाली तेव्हा, मासिकाच्या संपादक वर्गातील तोशिओ सुझुकी प्रभृतींनी तीच कथा फेब्रुवारी 1982 पासून मासिकात क्रमशः छापावयास घेतली. मूळ कथा नाही ही हरकत अशा रीतीने निकालात निघाली. वाचक जमले, आणि 1984 मध्ये ‘नाउसिका’ हा चित्रपट झाला. हुकूमनाम्यातील पळवाट हुकूमनाम्याच्याच भाषेत शोधण्याची ही पद्धत आपल्याकडच्या जुन्या कारकुनांना नक्की पटली असती.

जपानी चाहता आपल्या मतांचे प्रकार पाडतो, आणि ते पाहण्याजोगे आहेत. ‘कान्सो’ म्हणजे पाहून मनात जे उमटले ते, त्याला पुरावा लागत नाही. ‘हिह्यो’ म्हणजे समीक्षा. ती करणाऱ्याने आपला अधिकार दाखवावा लागतो. या दोहोंच्या मध्ये ‘कोसात्सु’ नावाचा एक प्रकार आहे, ज्यास आपण ऊहापोह म्हणू शकू: तिसऱ्या भागात भिंतीवर दिसलेले घड्याळ नवव्या भागात त्याच वेळेवर का थांबलेले आहे, अमुक पात्राच्या नावातील चित्रलिपीचा दुसरा अर्थ काय, असल्या खाणाखुणांवरून पुढची कथा वर्तविण्याचा हा उद्योग, आणि त्यातील निष्ठा आपल्या टीकाकारांनी एका ओवीवर पानेच्या पाने खर्ची घातली त्या निष्ठेपेक्षा कमी नसते. पुढची गोष्ट आधीच फोडणे याला ‘नेताबारे’ म्हणतात. ‘ताने’ म्हणजे बीज. ते अक्षरांची उलटापालट करून ‘नेता’ असे बोलण्याची तिकडच्या नकलाकारांची व बातमीदारांची रीत. ते बीज उघडे पडणे म्हणजे नेताबारे. आपण बिंग फुटणे म्हणतो त्याच्या जवळचे, मात्र तेथे हा अपराध जवळजवळ फौजदारी स्वरूपाचा मानला जातो.

मला स्वतःला सर्वांत कौतुक वाटते ते रेषा ओळखणाऱ्या चाहत्यांचे. मालिकेतील एक भाग अनेक चित्रकार वाटून घेऊन काढतात, आणि मुख्य आराखड्यास सर्वांनी धरून राहावे असा नियम असतो. तरीही 1970 च्या दशकाअखेर काही तीक्ष्ण नजरेच्या मुलांनी हेरले, की योशिनोरी कानादा नावाच्या चित्रकाराकडे आलेल्या प्रसंगात पात्रांचे हातपाय वेडेवाकडे ताणले जातात, छायेच्या कडा धारदार होतात आणि स्फोटाच्या ज्वाळा सापासारख्या वळतात. पुढे इचिरो इतानो याने काढलेल्या अस्त्रांच्या धुराच्या रेषा आकाशभर अशा गुंतागुंतीने धावू लागल्या, की चाहत्यांनी त्या प्रकाराचे ‘इतानोची सर्कस’ असेच नामकरण केले. श्रेयनामावलीत ज्यांचे नाव बारीक अक्षरांत सरकून जाई, त्या पगारी हातांना कलावंत म्हणून प्रथम ओळखले ते प्रेक्षकांनी. पहिल्याच आलापावरून घराणे सांगणारा श्रोता आपल्याला परका नाही. परंतु गवय्या निदान समोर बसलेला असतो, येथे चार सेकंदांच्या चित्रावरून न पाहिलेल्या माणसाचा हात ओळखावयाचा असतो.

ज्याला चांगले चित्र कळते त्याला वाईटही कळते, आणि तेथे मग दयामाया नसते. 1998 साली ‘लॉस्ट युनिव्हर्स’ नामक मालिकेचा चौथा भाग अपुऱ्या, ओबडधोबड चित्रांसह तसाच प्रक्षेपित झाला. त्या भागाच्या शीर्षकात ‘याशिगानी’, म्हणजे नारळी खेकडा, हा शब्द होता. त्या दिवसापासून चाहत्यांच्या बोलीत चित्रांची दुर्दशा झालेल्या कोणत्याही भागास याशिगानी म्हणावयाचा प्रघात पडला. घरगुती चित्रफितीसाठी तो भाग पुन्हा नीट काढून देण्यात आला खरा, पण खेकड्याने धरलेली नांगी सोडली नाही. वेळापत्रक कोसळल्यावर रात्रंदिवस राबणाऱ्या चित्रकारांवर हा उपहास अन्यायच होता, असे मला वाटते. प्रेक्षकाला पडद्यावरचे दिसते, पडद्यामागे कोणी किती तास झोपले नाही ते दिसत नाही.

आणि आता त्या प्रकरणाकडे यावे, ज्यात प्रेक्षकाचे मत व कलावंत यांची समोरासमोर रुजवात झाली. 4 ऑक्टोबर 1995 पासून 27 मार्च 1996 पर्यंत ‘शिन सेइकी एवांगेरिओन’, म्हणजे इव्हँजेलियन ही 26 भागांची मालिका चालली. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. शिंजी हा चौदा वर्षांचा मुलगा, त्याला कधी जवळ न घेणारा बाप, आणि ‘शितो’, म्हणजे प्रेषित, या नावाच्या अगम्य शत्रूंशी लढण्यासाठी बापाने त्याला बसविलेले ते विराट यंत्र. यंत्र म्हणावे तर त्यातून रक्त वाहते. मालिकेने कोडी घातली, धर्मग्रंथांतील नावे पेरली, ऊहापोह करणाऱ्यांना दर आठवड्यास मेजवानी दिली, आणि सारा जपान उत्तराची वाट पाहत असता शेवटच्या दोन भागांत उत्तरच दिले नाही. लढाई नाही, शत्रू नाही. एका खुर्चीवर बसलेला मुलगा, त्याच्या मनात चाललेली उलटतपासणी, स्थिर छायाचित्रे, कच्ची रेखाटने, पटकथेची पानेसुद्धा. आणि सरतेशेवटी सर्व पात्रे त्याच्याभोवती कडे करून टाळ्या वाजवतात व त्याचे अभिनंदन करतात. खेळ खलास.

काहींना हा मानवी मनाचा अपूर्व शोध वाटला, काहींना उघड फसवणूक. पैसा संपला होता, वेळ संपला होता, की दिग्दर्शकाला खरोखरच एवढेच म्हणावयाचे होते, यावर वाद पेटला आणि तो छापील पानांवरून निर्मात्यांच्या टपालपेटीपर्यंत पोहोचला. स्तुतीची पत्रे आली, शिव्यांची आली, जिवे मारण्याच्या धमक्याही आल्या. आन्नो यांनी जबाब दिला तो 19 जुलै 1997 रोजी प्रदर्शित झालेल्या चित्रपटातून. त्यात शेवट पुन्हा नव्याने सांगितला आहे, आणि तो पहिल्याइतकाच, किंबहुना त्याहून, निष्ठुर आहे; परंतु मध्येच एके ठिकाणी चित्रे थांबतात व खरेखुरे चित्रपटगृह दिसते, खुर्च्यांत बसलेले खरेखुरे प्रेक्षक दिसतात, आणि काही क्षण पडद्यावरून त्या पत्रांचे व संदेशांचे मजकूर झर्रकन निघून जातात, स्तुतीचे आणि शिव्यांचे एकत्र. अंधारात बसून जे इतकी वर्षे पाहत आले त्यांच्याकडेच पडद्याने वळून पाहिले. याला काहींनी सूड म्हटले आहे. मला तो सूड वाटत नाही, कारण ज्याने हा आरसा धरला तो स्वतः अलीकडच्याच बाजूचा होता. 1974 च्या ऑक्टोबरात यामातो अंतराळात झेपावली तेव्हा आन्नो चौदा वर्षांचा होता, शिंजीएवढाच, आणि त्या मालिकेने झपाटलेल्यांपैकी होता. 1981 व 1983 मध्ये ओसाकातील विज्ञानकथांच्या संमेलनांसाठी मित्रांसह हौसेने उद्घाटनाच्या छोट्या चित्रफिती काढून त्याने नाव मिळविले, ‘नाउसिका’मधील महाकाय योद्ध्याचे दृश्य रेखाटण्याची संधी मियाझाकींकडून मिळविली, आणि त्याच मित्रमंडळींतून 1984 च्या अखेरीस ‘गायनाक्स’ ही निर्मितिसंस्था उभी राहिली. म्हणजे फिर्यादी व आरोपी एकाच आळीत वाढलेले होते. हा खटला मिटावयास पुढे चोवीस वर्षे लागली; कथेचा पुन्हा सांगितलेला अखेरचा चित्रपट 8 मार्च 2021 रोजी आला, आणि तो पाहून बाहेर पडणाऱ्यांत आपली मुले घेऊन आलेले जुने तक्रारदारही होते म्हणे.

अशा चाहत्याला जपानीत ‘ओताकु’ म्हणतात, आणि त्या शब्दाची कुळकथा मोठी मौजेची आहे. त्याचा मूळ अर्थ ‘आपले घर’. अनोळखी माणसाशी आदराने, अंतर राखून बोलताना ‘आपण’ या अर्थी तो वापरतात. हे चाहते एकमेकांशी तासन्‌तास कडाक्याने वाद घालीत, पण अरेतुरेवर येत नसत, ‘आपण तो भाग पाहिलात काय’ असेच विचारीत. 1983 मध्ये आकिओ नाकामोरी या लेखकाने एका सदरात त्यांची या लकबीवरून टर उडविली आणि तेच त्यांचे नाव पडले. 1989 मध्ये लहान मुलींच्या हत्येच्या एका भयंकर प्रकरणात पकडलेल्या इसमाच्या खोलीतील चित्रफितींचे ढीग वृत्तपत्रांनी छापल्यावर तर तो शब्द शिवीच्या तोडीचा झाला. आदरार्थी सर्वनामाची शिवी व्हावी, आणि पुढे त्याच शिवीचे काही लोकांनी अभिमानाने बिरुद करावे, असा फेरा फार थोड्या शब्दांच्या वाट्याला येतो.

अलीकडे मतप्रदर्शनाला गजराचेही रूप येते. मियाझाकींच्या 1986 सालच्या ‘लापुता’ चित्रपटात दोन मुले हातात हात घेऊन ‘बारुसु’ हा विनाशाचा मंत्र उच्चारतात, आणि दूरचित्रवाणीवर तो चित्रपट लागला की नेमक्या त्या क्षणी देशभरचे प्रेक्षक तोच शब्द आपापल्या यंत्रावरून पाठवतात. 2013 च्या ऑगस्टमध्ये एका सेकंदात ट्विटरवर 1,43,199 संदेश नोंदले गेले, आणि तो त्या काळचा जागतिक विक्रम होता. यात मत कोठे आहे असे कोणी विचारील. नाही, पण दिंडीत गजर करणाऱ्याला तरी आपण त्याचे मत कोठे विचारतो?

आपल्याकडे ही चित्रे कशी आली ते पुष्कळांना ठाऊकही नसते. 1993 मध्ये दूरदर्शनवर रविवारी मोगली आला तेव्हा तो जपानी चित्रकारांच्या हातचा आहे हे किती मराठी घरांत माहीत होते? गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांची चाल यांनी तो आपलासा करून टाकला होता. युगो साको यांनी भारतीय चलच्चित्रकार राम मोहन यांच्या सहकार्याने काढलेला रामायणावरील जपानी चित्रपट त्याच दशकातला. तो चित्रपटगृहांत व्हावा तसा चालला नाही, पण ज्या मुलांनी तो दूरचित्रवाणीवर पाहिला त्यांनी मोठेपणी त्याचे गुणगान सोडले नाही, आणि जानेवारी 2025 मध्ये तो नव्या साजात देशभर पुन्हा लागला. यामातोची रीत येथेही ओळखू येते. 2019 मध्ये तर माकोतो शिंकाई यांचा ‘तेन्की नो को’ हा चित्रपट भारतात लावावा म्हणून येथील तरुणांनी अर्ज केला, त्यावर पन्नास हजारांहून अधिक सह्या झाल्या, आणि ऑक्टोबरमध्ये तो येथे खरोखर लागला. एप्रिल 2023 मध्ये ‘सुझुमे’ या पुढच्या चित्रपटाच्या निमित्ताने शिंकाई मुंबईस येऊन गेले.

माझ्या नात्यातील एक मुलगी त्या सह्या करणाऱ्यांपैकी. दोराएमॉन हिंदीतून पाहून ती हिंदी शिकली, आता मूळ आवाज ऐकता यावेत म्हणून जपानी शिकते आहे, आणि अनुवादित आवाज बरे की मूळ बरे या प्रश्नावर तिचे व तिच्या मैत्रिणीचे दादर ते डोंबिवली वाद चालतात, असे तिची आई सांगते. इव्हँजेलियनचे शेवटचे दोन भाग तिने मला आग्रहाने दाखविले. मला ते अर्धेमुर्धे समजले, आणि तसे मी प्रामाणिकपणे सांगितल्यावर तिने सुमारे दीड तास माझे जे बौद्धिक घेतले त्यातून उरलेले अर्धे समजले की नाही हे अजून नक्की नाही. एवढे मात्र कळले, की मला ते आवडले नसते तरी तिचे काही बिघडले नसते, मी काही न बोलता उठून गेलो असतो तर मात्र ती दुखावली असती.

तिला एकदा कोमिके पाहावयाचे आहे. तेथून काय आणशील म्हणून विचारले तर म्हणाली, आणायचे काही नाही, शेवट पाहायचा आहे. दिवसाचा बाजार संपल्याची घोषणा झाली की त्या अवाढव्य दालनात जो जेथे असेल तेथे थांबतो आणि सगळे टाळ्या वाजवतात: विकणारे, घेणारे, रांगा लावणारे, ज्यांची एकही प्रत खपली नाही ते, आणि ज्यांनी सकाळी दुसऱ्याच्या पुस्तकाची चिरफाड केली तेही. त्या कोणाला उद्देशून असतात हे ठरविण्याची सोय नाही. मग लोक मेजे मिटावयास लागतात.